कृपा घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

देवाच्या कृपेविषयी आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत. बायबलचे संदर्भ दिले आहेत ते पडताळून बघण्यासाठी. जमलं तर बायबल शेजारी उघडं ठेवूनच वाचा.

प्रश्न : प्रवचनात ‘कृपा’ हा शब्द दर रविवारी ऐकतो, पण कोणी अर्थ विचारला तर सांगता येत नाही. थोडक्यात सांगाल का?

माणसाची लायकी न बघता देव स्वतःहून जे देतो ती कृपा. त्यात तीन गोष्टी येतात : पापांची क्षमा, देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं, आणि वेगळं जगण्याचं बळ. पहिल्या दोन बहुतेकांच्या लक्षात असतात, तिसरी निसटते. मग कृपा म्हणजे नुसती जुनी थकबाकी माफ होणं, असं वाटू लागतं.

प्रेषित पौल रोमकरांस 4:4 मध्ये मजुरीची गोष्ट काढतो. राबणाऱ्याला पैसे मिळाले तर मालकानं उपकार केले असं कोणी म्हणत नाही. तो त्याचा हक्क असतो. कृपा त्या हक्काच्या खात्यात बसत नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ती येशू ख्रिस्ताच्या जन्मातून, वधस्तंभावरच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून आलेली आहे, त्यामुळे ती जपतपानं साठवता येणारी शक्तीही नाही.

जुन्या करारात नुसते नियम आणि नव्यात कृपा, अशी एक समजूत फार पसरली आहे. निर्गम 20 उघडा. दहा आज्ञा तिसऱ्या वचनापासून सुरू होतात. त्याच्या आधीच्या वचनात देव सांगतो की मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढलं. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या.

प्रश्न : ‘फक्त विश्वास ठेवा’ असं सगळे सांगतात. पण कृपा स्वीकारायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? कुठून सुरुवात करायची?

तक्रार रास्त आहे. ‘विश्वास ठेवा’ हे उत्तर बरोबर असलं तरी ऐकणारा तिथेच अडकतो. विश्वास म्हणजे मनात जोर लावून एखादी गोष्ट खरी मानणं नाही. ख्रिस्तावर भार टाकून देणं आहे. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगतो.

पंधरा-वीस मिनिटं एकटे बसा. जे बिनसलं आहे ते नाव घेऊन देवाला सांगा. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ हे वाक्य चुकीचं नाही, पण मोघम आहे आणि त्याच्या आड लपता येतं. ‘भावाला हिशेब देताना मी खोटं बोललो’ या वाक्याच्या आड लपता येत नाही. त्याच वेळी, आयुष्यभराची यादी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असा हट्टही नको. आज जे समोर दिसतंय तेवढं पुरे. 1 योहान 1:9 मधलं क्षमेचं अभिवचन पाप पदरी घेणाऱ्याला दिलेलं आहे, बिनचूक यादी करणाऱ्याला नाही.

मग मागा. इथे बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते, कारण मागता मागता सौदा सुरू होतो : ‘यापुढे असं कधीच करणार नाही, म्हणून क्षमा कर.’ निश्चय करा, अवश्य करा. फक्त तो ‘म्हणून’ काढून टाका. लूक 18:9-14 मध्ये मंदिरात प्रार्थना करणारे दोघे आहेत : धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि पापी समजला जाणारा जकातदार. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. तो खोटं बोलतोय असं येशू कुठेही म्हणत नाही. त्याची प्रार्थना पुन्हा वाचा : त्यात एकही मागणी नाही. त्याला देवाकडून काही नकोच आहे, म्हणून तो रिकामा परततो. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची आहे, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

त्यानंतर रोमकरांस 5:1-8 किंवा लूक 15 मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना आपण नकोसा भाग गाळतो, मोठ्यानं वाचताना तो कानावर पडतोच. वाचून झालं की आभार माना. मिळालेल्या वस्तूबद्दलच आभार मानतात. त्यामुळे आभार ही घेतल्याची पोच असते. पुष्कळजण वर्षानुवर्षं मागत राहतात आणि आभाराशी कधी पोचतच नाहीत.

मग भरपाई. लबाडीनं घेतलेलं परत करायचं, दुखावलेल्या माणसाची माफी मागायची. जक्कय या जकातदाराची हकिगत (लूक 19:1-10) बघा : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत, असं तो जाहीर करतो. पण येशू त्याच्या घरी उतरण्याचं ठरवतो ते या घोषणेच्या आधी. भरपाई आमंत्रणाची किंमत म्हणून केली की ती कधी संपत नाही. आमंत्रणानंतर केली की तिला आकडा असतो, ती पुरी होते.

बाप्तिस्मा झाला नसेल तर पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला. ही एकट्यानं उरकायची गोष्ट नाही. झाला असेल तर प्रभुभोजनाला जाणं टाळू नका.

एक सूक्ष्म अडचण राहते. येशूच्या दाखल्यातला उधळ्या मुलगा घरी निघताना बोलणं पाठ करून निघतो (लूक 15:18-19). त्यात तीन वाक्यं आहेत : मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायला मी योग्य नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप लांबूनच धावत येऊन गळ्यात पडतो आणि मुलगा बोलू लागतो. एकविसाव्या वचनात पहिली दोन वाक्यं आहेत. तिसरं येत नाही. बाप मध्येच चाकरांना हाक मारून झगा, अंगठी आणि वहाणा मागवतो. पुष्कळ भाविक ते तिसरं वाक्य जन्मभर म्हणत राहतात : मुलगा म्हणून नको, मोलकरी म्हणून ठेव, फेडून टाकीन. त्याला नम्रता समजलं जातं. खरं तर तो हिशेब आपल्या हातात ठेवण्याचा शेवटचा प्रयत्न असतो.

प्रश्न : सगळं मनापासून केलं, पण काहीच जाणवत नाही. माझी प्रार्थना पोचली नसेल का?

जाणीव होणं न होणं हे झोप, तब्येत, स्वभाव, दुःख यांवर अवलंबून असतं. ते कृपेचं मोजमाप नाही. काहींना रडू येतं, काहींना शांत वाटतं, पुष्कळांना काही म्हणजे काही वाटत नाही. शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी (लूक 17:11-19) येशूच्या शब्दावर निघाले तेव्हा बरे झालेले नव्हते; वाटेनं जात असताना ते शुद्ध झाले.

1431 साली फ्रान्समधल्या रुआँ इथे चाललेल्या धर्मखटल्यात जोन ऑफ आर्कला विचारलं गेलं, ‘तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे का?’ प्रश्न पेचात पकडणारा होता. हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर कबुलीजबाब. तिचं उत्तर असं : नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. तुमच्या प्रश्नासाठी याहून चांगली प्रार्थना आमच्याकडे नाही.

खूण शोधायचीच असेल तर भावनेत शोधू नका, गलतीकरांस 5:22-23 मधल्या यादीत शोधा : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. तीही महिन्या-दोन महिन्यांनी, आणि शक्यतो घरातल्या माणसाला विचारून. स्वतःचं परीक्षण रोज करणाऱ्याला बदल दिसत नाही. मात्र कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना चालू ठेवा, पण उपचाराच्या जागी नको.

प्रश्न : एका सभेत सांगितलं की अमुक रक्कम ‘बी’ म्हणून दिली की कृपेचं दार उघडेल, कर्ज फिटेल. द्यावी का?

देऊ नका. प्रेषितांची कृत्ये 8:18-20 मध्ये शिमोन नावाचा जादूगार हेच करतो : पवित्र आत्मा देण्याचा अधिकार मिळावा म्हणून प्रेषितांपुढे पैसे ठेवतो. पेत्राचं उत्तर बरंच कडक आहे. दान द्यायचं ते मिळालंय म्हणून, मिळावं म्हणून नव्हे. आणि कर्ज डोक्यावर असताना आधी कर्ज फेडा. एवढ्यानंही सांगणारा ऐकत नसेल तर त्याच्याकडे जमाखर्च मागा.

प्रश्न : आजार बरा व्हावा म्हणून वर्षभर प्रार्थना करतोय. बरं वाटत नाही. माझ्यावरची कृपा कमी आहे की विश्वास?

दोन्हींपैकी एकही अनुमान बायबलला धरून नाही. पौलाच्या देहात एक ‘काटा’ होता (2 करिंथकरांस 12:7-9). तो नेमका काय होता हे त्यानं सांगितलेलं नाही. तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. काटा राहिला, उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणणार नाही.

बरं होण्यासाठी मागणं थांबवू नका, औषधही थांबवू नका. मागण्यात आजच्या दिवसापुरतं काहीतरी जोडा : आजची रात्र निभावण्याचं बळ, सेवा करणाऱ्याशी नीट बोलण्याचं भान. आणि ‘तुमचा विश्वास कमी पडतोय’ असं कोणी खाटेशी येऊन सांगत असेल तर त्याला पुढच्या वेळी दारातूनच निरोप द्या.

प्रश्न : माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. इकडे ‘कृपा संस्कारांतून मिळते’ म्हणतात, तिकडे ‘केवळ विश्वासानं’. खरं काय? मी कसं वागू?

आधी दोघांचं एकमत कुठे आहे ते बघू, कारण भांडणात तेच विसरलं जातं. पहिलं पाऊल देवाचं, हे दोघंही मानतात. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो, अशी पेलाजियसची शिकवण होती. ऑगस्टीननं तिच्याविरुद्ध लिहिलं आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेनं ती नाकारली. पुढे 529 साली ऑरेंजच्या परिषदेनं सांगितलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते. प्रोटेस्टंट मंडळ्या ज्यातून निघाल्या त्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

फरक पुढे पडतो. धर्मसुधारणेची सुरुवात करणारा लूथर आणि त्याच्या मागून आलेले यांच्या मते नीतिमान ठरणं हा देवाचा निवाडा : ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासानं आपलं धरलं जातं, आणि पवित्र जीवन हे त्याचं फळ. ट्रेंटच्या परिषदेनं 1547 साली मांडलेली कॅथलिक भूमिका अशी की नीतिमान ठरण्यात क्षमेबरोबर अंतःकरणाचं नवीकरणही येतं. ही कृपा संस्कारांतून आणि सत्कृत्यांतून वाढते, गंभीर पापानं गमावता येते आणि प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्ये, परत मिळते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या या वादात फारशा पडल्या नाहीत. त्यांचा भर कृपेनं माणूस देवाच्या जीवनात सहभागी होत जातो यावर आहे.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा : आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. 2006 मध्ये मेथडिस्टांची आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना तिला जोडली गेली. सगळे मतभेद मिटले असं नाही, आणि काही प्रोटेस्टंट मंडळ्यांना ती मान्यही नाही. पण ‘कॅथलिक कर्मांनी तारण विकत घेतात’ किंवा ‘प्रोटेस्टंटांना कसंही वागायची मुभा आहे’ ही वाक्यं जेवणाच्या टेबलावर तरी आता बंद व्हायला हरकत नाही.

वागण्याचं म्हणाल तर : मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जरूर जा, वाचनं ऐका, प्रार्थनेत सामील व्हा. कम्युनियन, म्हणजे तिथलं प्रभुभोजन, मात्र सहसा कॅथलिकांनाच दिलं जातं, त्यामुळे रांगेत गोंधळ नको. पुष्कळ ठिकाणी छातीवर हात आडवे दुमडून पुढे गेलं की धर्मगुरू आशीर्वाद देतात. तिथली पद्धत आधी विचारून ठेवा. नवऱ्यानं तुमच्या मंडळीत प्रभुभोजन घ्यायला तुमच्या पाळकांनी हो म्हटलं तरी त्याच्या चर्चच्या नियमाप्रमाणे त्याला ते घेता येत नाही. यावरून रुसवा नको.

प्रश्न : (दोन पत्रं एकत्र) एक : कृपा फुकट आहे तर पाप टाळायचं कशाला? दोन : कन्फेशन करून बाहेर पडते तोच वाटतं, काहीतरी सांगायचं राहिलं, क्षमा झालीच नाही. पुन्हा जाऊ का?

पहिल्याला उत्तर पौलानंच देऊन ठेवलंय. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं विचारून तो स्वतःच ‘मुळीच नाही’ म्हणतो (रोमकरांस 6:1-2). तीताला 2:11-12 प्रमाणे कृपा अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. म्हणजे पाप सोडण्याचं बळ हाही त्याच दानाचा भाग आहे. एक भाग घ्यायचा आणि दुसरा दारात ठेवायचा, याला जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 साली ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. हा प्रश्न गंमत म्हणून विचारणारे पुष्कळ असतात, खरोखर त्यावर जगणारे थोडे.

दुसऱ्या पत्राला जास्त जागा द्यायला हवी. तेच पाप पुन्हा घडणं आणि क्षमा झालेल्या पापाबद्दल पुन्हा शंका येणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पाप पुन्हा घडत असेल तर कबुलीबरोबर ते कोणत्या वेळी, कुठे, कोणाच्या संगतीत घडतं ते पाहा आणि त्यातली एक कडी तोडा. रात्री एकटं असताना फोनवर घडत असेल तर फोन रात्री दुसऱ्या खोलीत. एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

नुसती शंका असेल तर पुन्हा जाऊ नका. कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : विषय गंभीर, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. कन्फेशनमध्ये अनवधानानं काही राहिलं तरी क्षमा होते. राहिलेलं गंभीर पाप आठवलं तर पुढच्या नेहमीच्या वेळी सांगायचं, एवढंच. धर्मगुरू एकच ठेवा आणि त्यांनी ‘हे पुन्हा सांगू नका’ म्हटलं की ते पाळा. तीन ठिकाणी विचारलं की तीन नव्या शंका घेऊन परत याल. रात्रीचं आत्मपरीक्षण पाच मिनिटांत संपवा, घड्याळ लावून.

प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, तीच कबुली दिवसातून कितीदा, नको ते विचार येऊन तासन्‌तास जाणं, असं होत असेल तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. हा आजार विश्वासातली खोट नव्हे, आणि जास्त प्रार्थना केल्यानं तो उलट बळावतो, कारण प्रत्येक फेरी शंकेला खाऊ घालते.

प्रश्न : ज्यानं मला लुबाडलं त्याला क्षमा करवत नाही. मग देवाची कृपा माझ्यावर राहणार नाही का?

मत्तय 18:21-35 मधले आकडे मांडून बघा. दासावर राजाचं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी; वर्षाला 300 दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ‘मला सांभाळून घ्या, सगळं फेडीन’ असं तो म्हणतो तेव्हा तो काय बोलतोय हे त्यालाच कळलेलं नाही. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो. बाहेर पडून तो ज्याचा गळा धरतो त्याच्याकडून येणं 100 दिनार.

आता हे 100 दिनार किरकोळ समजू नका. तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे ती. तुमचं नुकसान खरं आहे, हे दाखल्यातही मान्य केलेलं आहे. मागितलंय ते एवढंच की गळ्यावरचा हात काढा. तो काढणं म्हणजे त्या माणसावर पुन्हा भरवसा टाकणं नाही, त्याला पुन्हा पैसे देणं नाही, तक्रार मागे घेणं तर मुळीच नाही. कोर्टात दावा चालू असताना क्षमा करता येते. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांत कळवा. क्षमेचं नंतर बघू.

आज ‘क्षमा केली’ म्हणवत नसेल तर खोटं म्हणू नका. ‘देवा, क्षमा करायची इच्छा तरी दे’ एवढं म्हणा आणि त्या माणसाचं वाईट व्हावं असं मागणं थांबवा. राग उद्या परत येईल. आला की तीच प्रार्थना पुन्हा. येशूनं पेत्राला सातदा नव्हे, त्याच्या कितीतरी पट सांगितलं ते एकाच अपराधासाठीही लागू पडतं.

प्रश्न : वडील अखेरच्या आजारात आहेत. आयुष्यभर चर्चला गेले नाहीत. आता काही उपयोग आहे का? आम्ही काय करावं?

आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराकडे ना बाप्तिस्मा होता, ना भरपाईला वेळ. ‘माझी आठवण करा’ एवढंच तो म्हणाला (लूक 23:42-43). ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं वचन त्याला मिळालं.

उशीर करू नका. कॅथलिक असतील तर वडील शुद्धीवर असतानाच धर्मगुरूंना बोलवा : कन्फेशन, रुग्णाचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) आणि अखेरचं कम्युनियन. तैलाभ्यंग म्हणजे मरणाची घोषणा असं समजून घरचे लांबवतात; तो गंभीर आजारी माणसासाठी असतो आणि बरं वाटल्यावर, पुन्हा आजारी पडल्यास, पुन्हाही देता येतो. प्रोटेस्टंट असतील तर पाळकांना सांगा, खाटेपाशी प्रभुभोजन देता येतं. बाप्तिस्मा झाला नसेल आणि त्यांची इच्छा असेल तर तोही होतो, मात्र इच्छा त्यांची हवी.

प्रवचन देऊ नका, जुन्या गोष्टी उकरू नका. खोलीत एका वेळी दोघंच थांबा. त्यांनी होकार दिला तर स्तोत्र 23 किंवा प्रभूची प्रार्थना हळू, छोट्या वाक्यांत म्हणा, मध्ये थांबत. उत्तराची अपेक्षा ठेवू नका. बोलणं जमत नसेल तर हात धरून ‘पटत असेल तर बोट दाबा’ म्हणा. ग्लानीत असले तरी ऐकू येत असेल असं धरूनच बोला, आणि त्यांच्याविषयीची चर्चा खोलीबाहेर करा.